स्नेअर ड्रम : लाकडाची चर्चा फार, कडेकडे मात्र काणाडोळा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वतःचा स्नेअर ड्रम स्वतः कसा घडवावा याविषयीचा लेख नुकताच वाचला. वाद्य वाजवण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ भेटतात, ते घडवण्याबद्दल लिहिणारे थोडे. म्हणून लेख पाहून प्रथम आनंदच झाला. मात्र त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मेपलचा आवाज कसा उबदार, बर्चचा कसा टोकदार आणि महोगनीचा कसा खोल, या वर्णनात खर्ची पडला आहे. ज्या दोन जागांवर स्नेअर ड्रम खऱ्या अर्थाने साधतो किंवा फसतो, त्यांपैकी एकीला लेखात दीड ओळ मिळाली आहे आणि दुसरीचा उल्लेखही नाही. मी हौसेपोटी आजवर पाच स्नेअर ड्रम बनवले आहेत. त्यांतले दोन बिघडवले आणि त्या दोहोंपैकी एक पुन्हा मार्गावर आणला. तेवढ्या अनुभवावर सांगतो, की हा लेख वाचून कामाला लागणारा नवखा माणूस महागडे लाकूड आणील आणि तरीही त्याचा ड्रम खरखरत राहील.

मुळात या वाद्यात आवाज कसा निघतो ते आधी पाहावे. काठी वरच्या हेडवर, म्हणजे ढोलवाले ज्याला पान म्हणतात त्यावर, पडते. आतली हवा दाबली जाऊन खालच्या हेडला ढकलते. आणि खालच्या हेडला बिलगून ताणलेल्या पोलादी तारा क्षणभर उडून पुन्हा त्यावर आपटतात. स्नेअरचा तो ओळखीचा ‘चर्र’ या आपटण्यातून येतो. सर्वसाधारण वरचे हेड एका थराचे, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे असते, तर तारांच्या बाजूचे हेड त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ, सुमारे ०.०७५ मिलिमीटरचे. हेडचे स्वतःचे उपस्वर मूळ स्वराशी पूर्णांकांच्या प्रमाणात नसतात. आदर्श गोल पडद्याच्या बाबतीत पहिले दोन उपस्वर मूळ कंपनाच्या सुमारे १.५९ आणि २.१४ पट येतात. तबल्याच्या शाईमुळे हे गणित सुरेल कसे होते, ते सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले होते. स्नेअरला शाई नाही आणि त्याला ती नकोच आहे. या वाद्याचे काम सुरात गाण्याचे नाही, झटकन बोलून झटकन थांबण्याचे आहे. तेव्हा स्नेअर घडवणाऱ्याने पाहायचे ते एवढेच, की काठीचा अगदी हलका स्पर्शसुद्धा वाटेत न अडखळता तारांपर्यंत पोहोचतो की नाही. लाकडाची जात हा त्या वाटेवरचा बराच उशिरा येणारा मुद्दा आहे.

पहिली अडचण मापाची. चौदा इंची ड्रमचे शेल, म्हणजे त्याचे लाकडी वा धातूचे कडे, बाहेरून बरोबर चौदा इंच असून चालत नाही, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, शेल मात्र ३५२ च्या आसपास हवे, म्हणजे हेड त्यावर अडकून न बसता सगळीकडून थोडेसे मोकळे, तरंगते राहते. जुन्या काळी वासराचे कातडे ओले करून त्या त्या ड्रमच्या कड्यावर चढवत, त्यामुळे ते थोडेफार शेलच्या अंगाने बसत असे. १९५६-५७ च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली या अमेरिकी ड्रमवादकांनी पॉलिएस्टर फिल्मची हेड्स बाजारात आणली आणि कातड्याचे युग मागे पडले. ही हेड्स कारखान्यातूनच ठरावीक आकार घेऊन येतात. ती शेलचे ऐकत नाहीत, शेललाच त्यांचे ऐकावे लागते.

हे मला पहिल्या ड्रमच्या वेळी ठाऊक नव्हते. तयार आणलेले शेल आधीच जरा भरलेले होते, त्यावर मी मोत्यासारखी चमकणारी सजावटीची फिल्म चिकटवली. फिल्मची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे व्यासात एक मिलिमीटरच्या वर भर. शिवाय जिथे तिची दोन टोके एकमेकांवर चढली होती तिथे दुप्पट. हेड चढेना, तेव्हा मी ते तळहाताने ठोकून बसवले. पुढचे चार दिवस मी चावी घेऊन एकेक टेन्शन रॉड, म्हणजे हेड ताणणारा लांब स्क्रू, पिळत होतो. एका बाजूचा सूर जमला की दुसऱ्या बाजूचा उतरे, आणि फिल्मच्या सांध्यापाशी तर बोटाने टिचकी मारली तरी ठोकळा वाजावा तसा आवाज येई. शेवटी फिल्म सोलून काढली, शेल बाहेरून घासून घासून उतरवले, आणि मग तेच हेड वरून नुसते सोडले तरी आपल्या वजनाने खाली जाऊन बसले. त्या दिवसापासून मी कोणत्याही शेलवर काहीही करण्याआधी हेड असे सोडून पाहतो. ते अडले तर काम तिथेच थांबवतो.

लेखात पट्ट्या जोडून शेल बनवण्याची पद्धत ‘पट्ट्या कोनात कापून गोलाकार चिकटवाव्यात’ एवढ्या एका वाक्यात उरकली आहे. वाक्य चुकीचे नाही, पण या वाक्यावर विसंबून कितीतरी चांगले लाकूड जळणात गेले असेल. वीस पट्ट्यांचे शेल करायचे तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ अंशांचा उतार द्यावा लागतो. वीस पट्ट्या, चाळीस बाजू, मिळून तीनशे साठ अंश. पुढे लेथवर किंवा राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राने, गोल करताना लाकूड जाणार हे धरून बाहेरची रुंदी सुमारे छप्पन मिलिमीटर ठेवावी लागते. आता कापण्याच्या यंत्राचा कोन फक्त एक दशांश अंशाने कमी लागला असे समजा. नजरेला तो दिसणार नाही, गुण्या लावूनही कळणार नाही. पण चाळीस बाजूंची चूक एकत्र आली की ती चार अंशांची होते, आणि वीस मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या असतील तर शेवटच्या सांध्यात बाहेरून जवळजवळ दीड मिलिमीटरची फट आ वासून उभी राहते. तिच्यात गोंद आणि भुसा भरून ती झाकता येते, परंतु पुढे तिथूनच शेल तडकते.

यावर सुतारकामातली एक सोपी युक्ती आहे. सगळ्या पट्ट्या एकदम न चिकटवता समोरासमोरचे दोन सांधे कोरडे ठेवायचे, म्हणजे दहा-दहा पट्ट्यांचे दोन अर्धे भाग तयार होतात. ते वाळले की सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर ठेवून प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोके एकदम घासायची. ती एका पातळीत आली की दोन्ही अर्धे विनातक्रार जुळतात आणि साचलेली सगळी चूक त्या घासण्यात निघून जाते. आणखी एक. पट्ट्यांच्या शेलमध्ये लाकडाचे तंतू उभे असतात आणि लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगते-आकसते, म्हणून दमट हवेत अशा शेलचा घेर प्लायच्या शेलपेक्षा जास्त बदलतो. प्लायमध्ये थर आलटून पालटून उभे-आडवे असल्याने ते एकमेकांना आवरून धरतात. तेव्हा पट्ट्यांच्या शेलला बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडे लाकूड ही पद्धत घातक आहे; आतूनही हात द्यावाच.

आता कड. हेड ज्या जागी शेलवर टेकते तिला ड्रमवाले बेअरिंग एज म्हणतात आणि लेखातली दीड ओळ तिच्याच वाट्याला आली आहे. ही कड आधी संपूर्णपणे एका पातळीत हवी, मगच तिला आकार द्यायचा. उलट क्रमाने केलेले काम वाया जाते. मी जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवतो, कडेवर सगळीकडे पेन्सिलीने गिरगटून घेतो आणि शेल उलटे ठेवून हलक्या हाताने गोल गोल फिरवतो. दहा-बारा फेऱ्यांनी शेल थोडे वळवून हात बदलतो, कारण प्रत्येक माणसाचा एक हात दुसऱ्यापेक्षा नकळत जड पडतो. पेन्सिलीची खूण जिथे शिल्लक राहते तिथे खड्डा आहे. सगळ्या खुणा गेल्या की खोली अंधारी करून शेलच्या आत छोटा दिवा लावायचा, शेल कोऱ्या काचेवर पालथे घालायचे आणि डोळा काचेच्या पातळीवर आणून भोवती फिरायचे. खड्डा असेल तिथे केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. पहिल्यांदा मला अशा तीन रेघा दिसल्या, आणि त्या आदल्या दिवशी मी ‘झाले’ म्हणून सोडून दिलेल्या कडेवर होत्या.

सपाटीचे काम झाले की राउटरने आकार. आतून पंचेचाळीस अंशांचा उतार आणि बाहेरून अगदी थोडी, दीडेक मिलिमीटरची उलटी कापणी ही आजची रूढ पद्धत. जुन्या ड्रम्सवर गोलसर किंवा तीस अंशांची कड आढळते. टोकदार कडेवर हेडचा स्पर्श थोडा असतो, त्यामुळे ते अधिक वेळ आणि अधिक मोकळे वाजते. गोलसर कडेवर जास्त लाकूड हेडला टेकते, वरचे उपस्वर लवकर विझतात आणि आवाज आखूड, भरीव होतो. यात चांगले-वाईट नाही, हवे-नको आहे. परंतु लेखकाने ज्या फरकाला मेपल आणि महोगनीचा फरक म्हटले आहे, तो बराचसा या फरकाचा असू शकतो, कारण वेगवेगळ्या लाकडांचे ड्रम तुलनेला घेताना कडा, जाडी, हेड आणि ताण या चारही गोष्टी क्वचितच सारख्या ठेवलेल्या असतात.

याचा पडताळा मला माझ्याच ड्रमवर मिळाला. साध्या बर्च प्लायचे एक शेल होते. त्यावर मोठ्या आवाजात वाजवले तर ठीक, पण हळू वाजवायला गेले की तारा गप्प बसत. हेड्स, तारा, रॉड सगळे उतरवून मी फक्त कड पुन्हा सपाट केली आणि उतार नव्याने कापला. नंतर तीच हेड्स, त्याच तारा परत चढवल्या. नखाने हेडवर खरवडले तरी तारा बोलू लागल्या. लाकूड तेच होते.

दुसरी जागा, जिचा लेखात उल्लेखच नाही, ती स्नेअर बेडची. खालच्या बाजूची कड जर वरच्यासारखीच सर्वत्र सपाट ठेवली, तर तारांची पट्टी शेलबाहेर ओढून घेणारी दोरी किंवा फीत कडेवर अडते आणि तारांची टोके हेडपासून किंचित वर उचललेली राहतात. मग स्ट्रेनर, म्हणजे तारा ताणणारा खटका, कितीही आवळला तरी मधल्या तारा गळा दाबल्यासारख्या होतात आणि टोकाच्या तारा खरखरत राहतात. नवखा माणूस याला तारांचा दोष समजून नव्या तारा आणतो. म्हणून तारा जिथून जातात त्या समोरासमोरच्या दोन जागी खालची कड थोडी उतरवावी लागते. मधोमध खोली दीड ते तीन मिलिमीटर पुरते, पण तिचा उतार दोन्हीकडे लांबवर, हळूहळू वर येणारा हवा. एकदम खाच मारली तर पातळ हेडला तिथे सुरकुती पडते आणि ती कोणत्याही ताणाने जात नाही.

हे काम मी यंत्राने करत नाही. अर्धगोल कानस, मग लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि दर काही फटक्यांनी दोन्ही बाजूंवर पट्टी आडवी ठेवून खोली सारखी आहे का हे पाहणे, एवढाच त्याचा विधी. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही; म्हणून मी एक मिलिमीटरवर थांबतो, ड्रम पूर्ण जोडतो, वाजवतो, उतरवतो आणि गरज पडली तरच पुढे जातो. एका ड्रमसाठी हे तीनदा करावे लागले आणि तिसऱ्या खेपेला घरच्यांनी मी नेमके काय बनवतो आहे असे विचारले. तारा निवडताना त्यांची लांबी अशी हवी, की दोन्ही टोकांच्या पट्ट्या शेलच्या आत राहतील आणि कडेवर चढणार नाहीत. वीस तारांची पट्टी सर्वसाधारण कामाला पुरेशी आहे. जास्त तारा म्हणजे अधिक चांगला आवाज, असे लेखातून सूचित होते, ते खरे नाही. तारा वाढल्या की चर्र वाढते आणि ड्रमचा स्वतःचा आवाज तिच्याखाली दबतो.

भोके पाडण्याविषयी थोडक्यात. शेलचा घेर सुमारे ११०६ मिलिमीटर धरला तर दहा लग्जसाठी, म्हणजे टेन्शन रॉड ज्यांत बसतात त्या शेलवरच्या धातूच्या तुकड्यांसाठी, दोन लग्जमधील अंतर ११०.६ येते. ते कंपासने एकामागून एक मोजत जाऊ नये, कारण प्रत्येक वेळचा अर्धा मिलिमीटर शेवटी पाच मिलिमीटर होतो. कागदाची पट्टी शेलभोवती घट्ट गुंडाळून, नेमकी कापून, टेबलावर सरळ करून तिचे दहा भाग करावेत आणि ती पुन्हा शेलवर चिकटवावी. भोक बाहेरून पाडावे आणि आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरावा, म्हणजे ड्रिलचा बिट बाहेर पडताना आतला थर उचकटत नाही. स्ट्रेनर दोन लग्जच्या मधोमध आणि तारांचे दुसरे टोक धरून ठेवणारी बट प्लेट बरोबर त्याच्या समोर येते. मी एकदा समोरची जागा पाच मोजून काढली, पण सुरुवातीची जागाच एक धरली. त्यामुळे बट प्लेट एका लगने अलीकडे बसली आणि तारा हेडच्या मधून न जाता तिरक्या गेल्या. त्या भोकांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या आजही आतून दिसतात.

लाकडाला काहीच अर्थ नाही असे माझे म्हणणे नाही. शेलची जाडी, घनता आणि कडकपणा यांचा परिणाम होतो, आणि पातळ लाकडी शेल व पितळी शेल यांतला फरक कुणालाही ऐकू येईल. १९३० च्या दशकातल्या स्लिंगरलँड कंपनीच्या रेडिओ किंग या ड्रमचे शेल मेपलच्या एकसंध फळीला वाफेने वाकवून केलेले असे आणि त्याचा लौकिक पोकळ नाही. पण १९६० च्या दशकात लडविग कंपनीने आपल्या क्रोमच्या मुलाम्याच्या सुप्राफोनिक या ड्रमचे शेल पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे केले, आणि ध्वनिमुद्रणांत अतिशय मोठ्या प्रमाणावर वापरला गेलेला तो ड्रम भारदस्त धातूचा नव्हे, तर या हलक्या धातूचा आहे, हेही ध्यानात घ्यावे.

शिवाय लेखात ज्या रोझवूड आणि बुबिंगा यांची भलामण आहे, त्यांच्याबाबत दोन गोष्टी सांगणे आवश्यक होते. एक म्हणजे रोझवूडच्या कुळातल्या काही लाकडांच्या भुशाने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. मास्क न लावता ती घासू नयेत. दुसरी म्हणजे डाल्बर्जिया कुळातली सर्व रोझवूड (आधीपासूनच अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात असलेले ब्राझिलियन रोझवूड वगळता) आणि बुबिंगाच्या जाती २ जानेवारी २०१७ पासून ‘साइटीस’ या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही; आणि स्वतः ड्रम बनवणारा माणूस नेमके कच्चे लाकूडच मागवत असतो. पहिल्या ड्रमसाठी साधे, चांगले वाळलेले बर्च किंवा मेपल प्लाय घ्यावे, असे मी सुचवीन. त्यावर हात बसला नाही तर दुर्मीळ लाकडावरही तो बसणार नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे खाली नमूद केले आहे, म्हणून एक विनंती. त्यात लाकडांच्या रंगीत छायाचित्रांऐवजी कडेच्या उभ्या छेदाची आकृती प्रत्यक्ष मापात छापावी, गोलसर, तीस आणि पंचेचाळीस अंशांची अशी तिन्ही शेजारी शेजारी, आणि खाली स्नेअर बेडचा उतार किती लांब व किती खोल ते दाखवणारी दुसरी. वाचकाला ती कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून थेट शेलच्या कडेला लावून पाहता येईल.

आपला नम्र,
एक हौशी ड्रमवादक व नियमित वाचक